नवऱ्याची आवड, पोराचं नातं आणि घाईची सोयरीक: धुळ्याच्या एका ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही धुळ्याकडे एका कुटुंब सल्ला केंद्रात काम करता आणि लागोपाठ तीन केसेस आल्यात. एक, लग्नाला वर्ष झालेली मुलगी, नवऱ्याला संबंधाच्या वेळी तिचे हात ओढणीने बांधायला आवडतं, तिने मोठ्या जावेला विश्वासाने सांगितलं आणि घरभर झालं. दोन, पुण्याला आयटीत असलेला पोरगा घरी सांगून बसलाय की मी आणि माझी मैत्रीण ओपन रिलेशनशिपमध्ये आहोत, आईने जेवण सोडलंय. तीन, शिरपूरकडचा मुलगा, त्याला पुरुष आवडतात हे मोबाईलवरून घरात कळलं, घरच्यांनी घाईघाईत सोयरीक जमवली आणि आता तुम्ही त्याला "समजावून" लग्नाला उभं करावं असं त्यांचं म्हणणं. आणि तुम्ही विचारताय की हे सगळं विकृती, आजार का बाहेरून आलेली फॅशन, आणि आपल्या भागात यावर बोलायचं तरी कसं.

मी जळगावात बसून हेच काम करते, लैंगिक प्रश्नांचं काउन्सिलिंग, बरीच वर्षं झाली. माझं मत असं की तिन्ही केसेस एकाच माळेचे मणी समजू नका. पहिली आवडीची आहे, दुसरी दोन माणसांनी आपसात काय ठरवलं त्याची आहे, आणि तिसरी माणूस मुळात कसा आहे त्याची. तिन्हीकडे बघताना एवढंच बघायचं, की यात "नाही" म्हणायची सोय कोणाला आहे आणि कोणाला नाही. आवड किती विचित्र वाटते ते नंतर, खरं तर ते नाही बघितलं तरी चालतं. आणि असं बघितलं की तुमच्या लक्षात येईल की सगळ्यात धोक्याची केस तिसरी आहे, आणि तिच्यात त्या पोराएवढाच धोका एका मुलीला आहे जिचा तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात एका शब्दानेही उल्लेख नाही. जिच्याशी सोयरीक जमली ती. तिच्याकडे मी शेवटी येते.

आधी विकृतीचं बघू, कारण घरचे तुम्हाला पहिलं हेच विचारणार. समलैंगिकता आजारांच्या यादीतून अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये, आणि आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. किंकचं, म्हणजे बांधणं, हुकूम देणं-घेणं, हलकं मारणं, एखाद्या कपड्याची किंवा वस्तूची ओढ, याचं बऱ्याच डॉक्टरांनाही माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची जी नवीन यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आयसीडी ११, तिच्यातून फेटिशिझम, आपसातल्या संमतीचं सॅडोमॅसोकिझम, आवडीपोटी दुसऱ्या लिंगाचे कपडे घालणं हे सगळं काढून टाकलंय. ठेवलंय काय, तर ज्याच्यात समोरच्याची संमती नसते किंवा तो संमती देऊच शकत नाही ते. लहान मुलांबद्दलची ओढ, चोरून बघणं, अनोळखी बाईसमोर कपडे काढणं, गर्दीत अंग घासणं, जबरदस्तीने त्रास देण्यातला आनंद. म्हणजे वैद्यकशास्त्रानेसुद्धा रेघ संमतीच्या जागी मारलीय. तुम्ही घरच्यांना हे असंच सांगा, की एसटीच्या गर्दीत पोरींना चिकटणारा माणूस आजारी किंवा गुन्हेगार ठरतो पण बायकोच्या राजीखुशीने तिचे हात बांधणारा नाही ठरत. लोक चमकतात, कारण आपल्याकडे पहिल्याला "जाऊ द्या हो" म्हणतात आणि दुसऱ्याच्या नावाने बोंब होते.

एक सांगते, हे सगळं वाचून कोणी भुसावळच्या लाईनला भिंतीवर रंगवलेल्या गुप्तरोगवाल्या जाहिरातींकडे जाऊ नका. लॉजवर ठरलेल्या वारी बसणारे, तंबूत जडीबुटी विकणारे, ह्यांचा धंदाच मुळी लाजेवर चालतो. पेशंट लाजला की भाव चढतो. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक आधी तिथे पैसे घालवून आलेले असतात, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे "तुझ्यात दोष आहे" हे ऐकून आलेले असतात.

आता बाहेरून आलं म्हणता ते. शब्द बाहेरून आलेत, किंक, पॉली, ओपन, हे खरंय, मोबाईलवरून आलेत. माणसं इथलीच आहेत. नंदुरबार-नवापूरकडच्या सोंगाड्या पार्ट्या बघितल्या असतील तुम्ही, पुरुष साडी नेसून नाचतात, अख्खं गाव पोराबाळांसकट बघायला बसतं, शिट्ट्या मारतं. आता स्टेजवर साडी नेसणारा प्रत्येक जण ट्रान्सजेंडर किंवा गे असतो असं अजिबात नाही, बहुतेकांची ती कला आणि रोजीरोटी आहे. पण तेच एखाद्या पोराने घरात आरशासमोर नेसली की त्याच गावात त्याला मार पडतो. म्हणजे वेगळेपणा आपल्याला दिसायला चालतो, घरात राहायला चालत नाही. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकचं उदाहरण घ्या. अंजली पाटील या तृतीयपंथी बाईंनी ग्रामपंचायतीला महिला जागेवर फॉर्म भरला, तो बाद झाला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये फॉर्म घ्यायला लावला आणि त्या निवडून पण आल्या. तृतीयपंथी कार्यकर्त्या शमिभा पाटील यांनी २०२४ ला रावेर विधानसभा लढवली. मुंबई-पुण्यातली गोष्ट नाही ही, केळीच्या पट्ट्यातली आहे. गावाने मतं दिली बरं का, एनजीओने नाही. आणि आधीचं बोलायचं तर र. धों. कर्वेंनी १९२७ ला समाजस्वास्थ्य मासिक काढून मराठीत हे सगळं छापलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. म्हणजे मराठीत याच्यावर बोलणं शंभर वर्षं जुनं होत आलं, आपण मात्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतो.

इथे दुसरी एक चूक लोक करतात, विशेषतः शहरातून आलेले कार्यकर्ते, ती म्हणजे "तुमच्या सातपुड्यात तर सगळं मोकळंच आहे". भोंगऱ्या बाजार म्हटला की बाहेरच्यांना वाटतं तिथे पोरंपोरी एकमेकांना पसंत करून पळून जातात. आदिवासी लोक स्वतः चिडतात यावर, कारण तो होळीआधीचा आठवडी बाजार आहे, गूळ-फुटाणे-हारकंगन-कपडे घ्यायचा, ढोल वाजवायचा. भिल्ल-पावरा समाजात जोडीदार निवडायला आपल्यापेक्षा मोकळीक जास्त आहे हे खरं, लग्नाचे सगळे विधी नंतर झाले तरी चालतात, नवरा सोडून दुसरं घर करता येतं, पण तिथेही पंच बसतात, देज (मुलीच्या बापाला द्यायची रक्कम) ठरते, दंड पडतो आणि मार खायची वेळ आली की बाईच पुढे असते. तेव्हा कोणत्या समाजाला मोकळा आणि कोणत्याला मागास असं ठरवून केस घेऊ नका. लेवा असो, मराठा, गुजर, माळी, कोळी, तडवी, पावरा, प्रत्येकाचं लपवायचं वेगळं असतं आणि खपवून घ्यायचं पण वेगळं असतं. तुम्हाला ते माहीत असलं की अर्धं काम झालं.

आता पहिली केस. या मुलीला तुम्ही नवऱ्यासोबत बसवून बोललात असं लिहिलंय, ते पुढच्या वेळी नको. आधी एकटीशी बोला, मग त्याच्याशी एकट्याने, मग दोघं राजी असतील तर एकत्र. आणि तिला "तुला हे आवडतं का" असं सरळ विचारलंत तर ती मान खाली घालणार, आपल्याकडच्या पोरीला आवडीबद्दल कोणी कधी विचारलेलंच नसतं. मी असं विचारते, "एखाद्या दिवशी नको वाटलं तेव्हा तू सांगितलंस का? आणि सांगितल्यावर काय झालं?" सगळी केस या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते. माझ्याकडे अशीच एक जोडी आली होती (ओळख बदलून सांगते), ती म्हणाली, "मी म्हटलं आज नको, तर त्यांनी सोडलं, पण मग दोन दिवस बोलले नाहीत." आणि दुसरी एक म्हणाली, "सांगितलं, तर म्हणे बायको कशाला केली मग." बाहेरून दोन्ही घरात ओढणीच. पण पहिल्या घरात नीट बोलायला शिकवायचं काम आहे आणि दुसऱ्या घरात हिंसा आहे, किंक बिंक काही नाही. बोलणं बंद करणं ही पण जबरदस्तीच, पण ती दुरुस्त होते, नवऱ्याला समजावता येतं की तुझ्या रुसव्याच्या भीतीने दिलेला होकार हा होकार नाही.

दुसऱ्या प्रकारातलं घर असेल तर तिला कायद्याचं खरं सांगा, खोटा धीर देऊ नका. नवीन भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरलेली नाही, तो अपवाद तसाच आहे. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लैंगिक छळ स्पष्ट धरतो, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, १८१ या महिला हेल्पलाईनवर फोन करता येतो.

आणि जर तिला खरंच चालत असेल, थोडी भीती आणि थोडी गंमत असं काहीतरी, तर मग लाजू नका, सुरक्षेचं बोला. मला माहितीये तुम्हाला हे अवघड जाणार, पण तुम्ही नाही सांगितलं तर ते क्लिपा बघून शिकणार, आणि क्लिपमध्ये आधीचं बोलणं आणि नंतरचं जवळ घेणं दोन्ही कापलेलं असतं. जे लोक हे जाणतेपणी करतात ते आधी ठरवतात, काय चालेल, काय अजिबात नाही, थांबायचं कसं. थांबण्यासाठी एक शब्द ठरवतात, सेफवर्ड, कारण खेळात "नको ना" लटकंही असू शकतं पण ठरवलेला शब्द आला की त्याच क्षणी सगळं बंद, का-कशाला नाही विचारायचं. काही जण सिग्नलसारखं हिरवा-पिवळा-लाल वापरतात. आता आपल्याकडची अडचण बघा, दोन खोल्यांचं घर, पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे सासू-सासरे, तिथे ही बाई "लाल" ओरडणार कशी? मग मी सांगते की हातात चावीचा जुडगा धर, नको झालं की सोडून दे, आवाज झाला की त्याने थांबायचं. किंवा अंगावर तीन थापा. हे माझं संशोधन नाही, जगभर वापरतात, आपल्या घरात बसतं म्हणून मी सांगते.

बांधायचं असेल तर ओढणी ही खरं तर वाईट वस्तू आहे, ताणली की गाठ आवळत जाते आणि सुटत नाही. बोटांना मुंग्या आल्या, बधिर झाली, गार पडली की ताबडतोब सोडायचं, मनगटाजवळच्या आणि दंडातल्या नसा दबल्या तर हात कित्येक दिवस लुळा राहू शकतो. कात्री हाताशी पाहिजे. बांधलेल्या माणसाला एकटं टाकून पाणी प्यायला पण जायचं नाही. दारू पिऊन अजिबात नाही. आणि गळ्याला हात लावायचा नाही, बांधणं तर सोडाच, गळा दाबण्याची "सुरक्षित पद्धत" अशी काही नसते, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. कायदासुद्धा असाच आहे, जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशा गोष्टीला संमती होती म्हणून सुटका होत नाही. झाल्यावर दोघांनी थोडा वेळ जवळ बसायचं, पाणी, चादर, दोन शब्द, कारण शरीर खूप उत्तेजित होऊन एकदम खाली येतं आणि काहींना रडू येतं, त्या वेळी पाठ फिरवून झोपणं फार लागतं मनाला. इंग्रजीत याला आफ्टरकेअर म्हणतात. खरं तर हे साध्या संबंधानंतरही केलं तर आपल्याकडच्या अर्ध्या बायकांच्या तक्रारी कमी होतील, पण ते जाऊ द्या.

आणि जावेचं काय? माझ्या मते या केसमधला सगळ्यात मोठा घाव तोच आहे. ती मुलगी आज ओढणीने त्रस्त नाहीये, सासू तिच्याकडे कसं बघते त्याने त्रस्त आहे. तुम्ही सासूला बोलावून "समजवायला" जाऊ नका, आणखी पसरेल. नवऱ्याने स्वतः घरात एक वाक्य बोललं पाहिजे, "आमचं आम्ही बघतो", बस. तो हे बोलायला तयार आहे का यावरूनही तुम्हाला तो माणूस कळेल.

ओपन रिलेशनशिपवाल्या पोराबद्दल मी फार लिहिणार नाही कारण तुमच्याकडे पेशंट तो नाहीये, त्याची आई आहे. दोघं सज्ञान, दोघांनी ठरवलं की आपण एकमेकांसोबत आहोत पण बाहेरही संबंध असू शकतात, दोघांना माहीत आहे, लपवाछपवी नाही. याला फसवणूक म्हणता येत नाही. पॉलिअॅमरी म्हणजे त्याच्या पुढचं, एकापेक्षा जास्त माणसांशी प्रेमाचंच नातं, सगळ्यांना माहीत असताना. मला गंमत वाटते ती आपल्या लोकांची. दुसरं घर असलेले आप्पा प्रत्येक गावात असतात, अख्ख्या गावाला ठाऊक असतं, सुरतला कामाला गेलेल्या कित्येकांचं तिकडे वेगळं सुरू असतं, सुरतच्या उधना भागात विचारा, त्यावर कोणाची आई जेवण सोडत नाही. बायकोला न सांगता केलं तर पुरुषाची जात, आणि सांगून, विचारून, तिलाही तीच मुभा देऊन केलं की मात्र संस्कृती बुडाली. आईला हे तोंडावर म्हणू नका अर्थात, तिचं दुःख खरं आहे, तिला भीती वाटतेय की पोराला म्हातारपणी कोणी नसणार आणि समाजाच्या परिचय मेळाव्यात बायोडेटा काय म्हणून द्यायचा. त्या भीतीवर बोला.

पोराला सांगायच्या गोष्टी वेगळ्या. मैत्रीण खरंच राजी आहे का सोडून जाईल या भीतीने हो म्हणाली? मत्सर येणारच, तो आला म्हणजे नातं चुकीचं असं नसतं, पण त्यावर बोलायची सवय पाहिजे. कंडोम, आणि दर काही महिन्यांनी तपासणी. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलमधल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात, फुकट होते, २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्टही सहसा संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही. काही धोका झालाच तर ७२ तासांच्या आत एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या सरकारी केंद्रात, जायचं, लागण टाळायचं औषध सुरू करता येतं, जितकं लवकर तितकं चांगलं. कायद्याचं म्हणाल तर २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराचं ४९७ कलम रद्द केलं, म्हणजे गुन्हा नाही, पण घटस्फोटाचं कारण आजही आहे. आणि दोन लग्नं मात्र करता येत नाहीत, हिंदू विवाह कायद्यात पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न झालं तरी ते लग्नच नाही, वर गुन्हा. आप्पांना हे सांगायला हरकत नाही.

जाता जाता आणखी दोन प्रकार सांगून ठेवते कारण ते तुमच्याकडे येणारच. बायकोची साडी लपून नेसणारा नवरा. तो गे असतोच असं नाही, ट्रान्स असतोच असं नाही, कित्येकदा त्याला बायकोच आवडते आणि साडीपण आवडते, बस एवढंच. आणि दुसरा, ज्यांना शरीरसंबंधाची ओढच नसते, मुलगी असेल तर "थंड" म्हणून आणतात, मुलगा असेल तर "नामर्द" म्हणून. थायरॉइड, हार्मोन, डिप्रेशन, आधीचा काही अत्याचार हे तपासा, आणि काही नाही निघालं तर मान्य करा की काही माणसं अशीच असतात, अलैंगिक म्हणतात. अशा मुलीला रात्री जबरदस्ती करून "सवय लागेल" असं सांगणाऱ्या सासवा मी पाहिल्यात, तिथे मात्र मी गोड बोलत नाही.

आता तिसरी. घरचे तुम्हाला म्हणाले असतील तेच मी पण ऐकत आलेय, एक आई आमच्याकडे पदर तोंडाला लावून म्हणाली होती, "लगीन करी टाका, बठ्ठं बराबर व्हई जाई" (लग्न करून टाका, सगळं ठीक होईल). आणि वडील बाहेर बाकावर बसून, आत यायलाच तयार नाहीत. ती वाईट बाई नव्हती हो. तिला खरंच वाटत होतं की हा उपाय आहे. लग्नाने कोणाची लैंगिकता बदलत नाही, औषधाने नाही, शॉकने नाही, बुवाकडे बसवून नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. उलट ती जिथे जिथे गेली तिथे सगळ्यांनी पैसे घेऊन "होईल" म्हटलं होतं.

तुम्ही "होईल" म्हणू नका. म्हणताच येणार नाही तुम्हाला. मद्रास हायकोर्टाने २०२१ च्या सुषमा केसमध्ये असल्या बदलायच्या उपचारांवर बंदी घालायला सांगितलं आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, तो लैंगिकतेवरून भेदभाव करू देत नाही आणि पेशंटची गुप्तता पाळायला लावतो. ६ सप्टेंबर २०१८ ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल लागला तेव्हापासून दोन सज्ञान पुरुषांनी खाजगीत, संमतीने काही करणं हा गुन्हा राहिला नाही, पोलिसांची भीती घालणाऱ्या काकांना हे सांगा. लग्नाची मान्यता मात्र नाही मिळालेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते संसदेवर सोडलं, तेव्हा त्या पोरालाही स्वप्नं दाखवू नका.

या पोराशी बोलताना पहिली गोष्ट, मोबाईलवरून कळलं म्हणता, तर त्याला कोणी ब्लॅकमेल करतंय का हे विचारा. डेटिंग अॅपवर ओळख काढायची, लॉजवर नाहीतर बायपासला बोलवायचं, दोघं-तिघं येऊन मारायचं, व्हिडिओ काढून पैसे मागायचे, हा प्रकार आपल्याकडे चालू आहे आणि कोणी तक्रार करत नाही म्हणून फोफावतो. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. स्क्रीनशॉट ठेवायचे, नंबर ठेवायचे, सायबरच्या १९३० ला फोन. खंडणी मागणारा गुन्हेगार आहे, पोराने स्वतः गे असणं हा गुन्हा नाही, हे त्याला दहा वेळा सांगावं लागेल. दुसरी गोष्ट, जिवाचं विचारा, सरळ शब्दात, "मरावंसं वाटतं का, काही ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात येत नाही, आधीच आलेलं असतं. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं घरातून हलवायला लावायची, आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ती असतात, आणि सिव्हिलला मानसोपचारतज्ज्ञाकडे. रात्री-अपरात्री १४४१६ ही टेलिमानसची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन फुकट आहे, मराठीत बोलतात. पुण्यात समपथिक ट्रस्ट, मुंबईत हमसफर ट्रस्ट या समलैंगिकांसाठीच्या जुन्या संस्था आहेत, फोनवर का होईना, आपल्यासारखा माणूस भेटणं हे औषधासारखं काम करतं.

आणि आता ती मुलगी. तिला कोणी विचारलेलं नाही. ती मेंदीचे डिझाईन बघत असेल. लग्न झालं तर पहिले सहा महिने तिला वाटेल आपण दिसायला बऱ्या नाही, मग सासू म्हणेल पाळणा का हलत नाही, मग तिला डॉक्टरकडे नेतील, तिच्या तपासण्या होतील, तिची. मी अशा बायका बघितल्यात, पंधरा-वीस वर्षं संसार करून चाळिशीत येतात आणि विचारतात माझ्यात काय कमी होतं. कायद्याने फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत लग्न रद्द करून मागता येतं, पण तिला कित्येक वर्षं ती कळतच नाही ना, आणि कळली तरी माहेरचे "निभाव" म्हणतात. श्रावणातले कानबाईचे रोट झाले, दिवाळी झाली, तेही वर्ष निघून जातं. म्हणून मी म्हणते "नाही" म्हणायची सोय कोणाला नाही ते बघा. पोराला निदान माहीत आहे काय चाललंय. तिला तेही नाही.

पण तुम्ही स्वतः मुलीकडच्यांना जाऊन सांगायचं नाही हां. गुप्तता मोडली तर त्या पोराच्या जिवावर येईल आणि तालुक्यात परत कोणीच तुमच्याकडे येणार नाही. आपल्याकडे सगळे सगळ्यांचे पाहुणे लागतात, रावेरचा पेशंट मुद्दाम धुळ्याला जातो आणि धुळ्याचा माझ्याकडे येतो, का, तर बाकावर भावकीतलं कोणी दिसू नये म्हणून. मी बाहेर नावाने हाक मारत नाही, नंबर देते. तुमच्या रजिस्टरमध्ये तक्रारीच्या रकान्यात "समलैंगिक" लिहिलं असेल तर आजच बघा ते रजिस्टर कोणाकोणाच्या हाताखालून जातं. "कौटुंबिक ताण" लिहून भागतं.

मग काम कुठे करायचं, तर पोरावर. त्याला लग्न करायचं नाही हे तो मनातून बोलतोय, तोंडाने बोलायला बळ लागेल. "मला पुरुष आवडतात" हे त्याने वडिलांना पुन्हा सांगायची गरज नाही, "मी लग्न करणार नाही" एवढं पुरतं. कारण नोकरीचं सांगू दे, बाहेरगावचं सांगू दे, काहीही. स्वतःच्या पायावर असेल तर सोपं, नसेल तर काही महिने सुरत-नाशिकला मामा-मावशीकडे काम धरून राहता येतं का बघा. आई-वडिलांपैकी जो जरा नरम आहे त्याला वेगळं बोलवा, बहुतेक वेळा आई किंवा मोठी बहीण असते, आणि तिला पोराबद्दल काही सांगू नका, त्या येणाऱ्या मुलीबद्दल विचारा, "तुमच्या आंडेरला (पोरीला) असं घर मिळालं तर चालेल का?" मुली असलेल्या आईला हा प्रश्न लागतो. मी भांडून जेवढ्या सोयरिकी नाही थांबवू शकले तेवढ्या या प्रश्नाने थांबल्यात.

साखरपुडा झालाय का फक्त सुपारी फुटलीय, आणि तारीख कधीची काढलीय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी कळवा. महिन्याच्या आतली असेल तर त्याला या आठवड्यातच माझ्याकडे पाठवा, आईला सोबत आणलं तर आणखी बरं, घरी सांगायला कारण लागलं तर ऑफिसच्या मेडिकलसाठी जळगावला जातोय म्हणू दे.